चार वाजताची कूस

हे लिहायला बसले तेव्हा पहिली दहा मिनिटं पेन धरण्यातच गेली. अंगठ्याचं आणि त्याच्या शेजारच्या बोटाचं अजून नीट जमत नाही. माझी लेक प्राची म्हणाली, "मम्मी, मोबाईलवर बोल ना, तो आपोआप लिहितो." म्हटलं, गप बस. अकरा वर्षं वॉर्डातले तक्ते हाताने लिहिले, हेही हातानेच लिहीन.

मी जरा तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या केंद्रातल्या मावश्यांना विचारलंत तर त्या 'जरा' हा शब्द काढून टाकतील.

मांडव्याच्या धक्क्यापासून थोडं पुढे, समुद्राकाठच्या एका गावात आमचं शुश्रूषा केंद्र आहे. वीस खाटा. आमच्याकडे येणारा पेशंट बरा होऊन घरी जाईल, अशी आशा घेऊन कोणी येत नाही. पक्षाघात झालेले, विसरभोळे झालेले, खुब्याचं हाड मोडून कायमचे आडवे झालेले. त्यांची मुलं बहुतेक मुंबईला. रविवारी सकाळच्या लाँचने येतात, दुपारच्या लाँचने परत. पावसाळ्यात लाँच बंद पडल्या की वडखळच्या रस्त्याने येतात, किंवा येत नाहीत.

मला लोक नेहमी विचारायचे, "सिस्टर, कंटाळा नाही येत? मोठ्या हॉस्पिटलात निदान पेशंट बरा होतो, पेढे देऊन जातो." मी म्हणायचे, माझ्या वॉर्डात अकरा वर्षांत एकाही पेशंटच्या पाठीला जखम झाली नाही, हेच माझे पेढे. खोटं नव्हतं ते. आडव्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर कातडी फाटते. कोणाची कोणती कूस किती वाजता, याचा तक्ता मी स्वतः केला होता आणि भिंतीवर लावला होता. मावशी पाच मिनिटं उशिरा आली तर मी घर डोक्यावर घ्यायचे. तक्ता म्हणजे तक्ता, हे माझं ठरलेलं वाक्य.

मग मी स्वतःच त्या तक्त्यावर आले.

चप्पल

थंडीचे दिवस होते. आधी आठवडाभर पोट बिघडलं होतं, मी काढा पिऊन कामावर जात होते. एका दुपारी जिना चढून वॉर्डात आले तर मंदामावशी मागून ओरडल्या, "अवो ताई, चप्पल खालीच ऱ्हायली तुमची!"

बघते तर एका पायात चप्पल, एक पाय उघडा. फरशी गार असणार. मला ती गार लागत नव्हती.

म्हटलं, थकवा आहे. दुसऱ्या दिवशी चार वाजता मंदामावशी आणि मी हिराबाईंची कूस बदलत होतो. हिराबाई म्हणजे आमच्या गावच्या कोळीण. तीस वर्षं नाक्यावर मासळी विकली, मग पक्षाघाताने उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. 'बाय' एवढा एकच शब्द राहिला. रागावल्या तरी बाय, भूक लागली तरी बाय. चार वर्षं माझ्याकडे होत्या. मी नेहमीसारखं "एक, दोन, तीन" म्हटलं आणि चादर माझ्या मुठीतून सुटली. मी ओढलीच नव्हती, बोटांनी ऐकलंच नाही.

हिराबाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "बाय?" म्हणाल्या.

पनवेलला मोठ्या डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी ठोकली. पाय उडाला नाही. त्यांनी परत ठोकली, आणि त्या दुसऱ्या ठोक्याला मला कळलं. आम्ही सिस्टर लोक रिपोर्ट नंतर बघतो, डॉक्टरांचं तोंड आधी. जीबीएस, ते म्हणाले. शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं. प्राचीचे पप्पा बाजूला उभे होते, न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डातून तसेच बूट घालून आलेले. ते म्हणाले, "म्हणजे अशक्तपणाच ना? मग एखादं टॉनिक द्या की."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी डॉक्टरांना एकच विचारलं, "माझे हात परत येतील?"

"बहुतेकांचे येतात. कधी आणि किती, ते आत्ता सांगता येणार नाही."

हेच वाक्य मी किती नातेवाइकांना सांगितलं असेल. ऐकताना कसं लागतं ते त्या दिवशी कळलं. मी नर्स आहे, हातच नसतील तर मी कोण, हाच विचार पुढचे सगळे महिने डोक्यात राहिला. मरणाची भीती त्या मानाने कमी वाटली, खरंच सांगते.

लाल नख

आयसीयूतलं फार सांगत नाही. श्वासाचं मशीन लागलं, गळ्यात नळी बसली, आवाज गेला. अंग मानेपर्यंत मेलेलं आणि डोकं टक्क जागं. छताला किती चौकोन आहेत ते मला आजही तोंडपाठ आहे. लोक माझ्या अंगावरून एकमेकांशी बोलायचे, डबा काय आणलास, सुट्टी कधी टाकतेयस. मीही हेच करायचे की!

तिथली एक गोष्ट मात्र सांगते. प्राची रोज भेटायला यायची, पायाशी उभी राहून माझ्या अंगठ्याकडे बघत बसायची. एके दिवशी तिने पर्समधून नेलपॉलिश काढलं आणि माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख लालभडक रंगवलं. तिथल्या सिस्टर ओरडल्या. प्राची म्हणाली, "असू दे ना मॅडम. हलला तर लांबून दिसेल."

सोळा दिवसांनी हलला. आधी तिने बघितला, मग मी. तिने अख्ख्या आयसीयूत आरडाओरडा केला आणि तिला बाहेर काढलं. आईवर गेलीय.

सात नंबरची खाट

मशीन सुटलं, पण अंग तसंच. आता न्यायचं कुठे? यांची शिफ्ट ड्युटी, प्राचीची परीक्षा. आमच्या केंद्राच्या मॅडमनी निरोप पाठवला, सिस्टरला आपल्याकडेच आणा. यांना ते अजिबात पटेना. "लोक म्हणतील, बायकोला आश्रमात टाकली." मला बोलता येत नव्हतं, नाहीतर तिथेच भांडण झालं असतं. प्राचीने पाटीवर अक्षरं धरली आणि मी डोळ्यांनी एकेक अक्षर दाखवून 'माझं घर' एवढं लिहिलं. यांनी वाचलं, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि मग सही केली.

बायकांच्या वॉर्डात, हिराबाईंच्या बाजूची सात नंबरची खाट मला मिळाली. मला स्ट्रेचरवरून आणताना बघितलं आणि त्या डाव्या हाताने चादरीवर थापट्या मारायला लागल्या. "बाय, बाय, बाय!" इतकं प्रेमाने माझं स्वागत माझ्या माहेरीही झालं नसेल.

मंदामावशींनी दुसऱ्याच दिवशी माझं डोकं धुतलं. दीड महिन्याचा गुंता, डोक्याखाली प्लास्टिक, बाजूला बादली. कोमट पाणी कपाळावरून मागे गेलं आणि मला वाटलं, आता काही नको. मावशी मात्र बोलत होत्या, "ताई, आता तुम्ही माझ्या ताब्यात. येवढी वरसं वरडलात, आता मी वरडनार." ओरडल्या एकदाही नाहीत.

भिंत

आता मुख्य गोष्ट. आमच्या वॉर्डात डाव्या अंगाला मोठी खिडकी, उजव्या अंगाला भिंत. तक्त्यात दोन वाजता पाठ, चार वाजता उजवी कूस, म्हणजे भिंतीकडे तोंड. हे मी ठरवलं होतं, आणि चांगल्या मनाने ठरवलं होतं. खिडकी पश्चिमेची, चार वाजता ऊन थेट डोळ्यांवर येतं. माझ्या पेशंटच्या डोळ्यांवर ऊन नको.

पहिल्या दिवशी चार वाजता मला भिंतीकडे वळवलं. भिंतीवर ओलीचा एक डाग होता. तो बघून झाला. मग परत बघितला. मागून, खिडकीच्या बाजूने, आवाज येत होते: बर्फ फोडल्याचा, घमेली ठेवल्याचा, बायकांचा. "ए ताजा बांगडा, ये गो, बघून तरी जा!" आमच्या नाक्यावर संध्याकाळचा मासळीबाजार चारला भरतो. अकरा वर्षं मी त्या वॉर्डात होते आणि तो बाजार खिडकीतून एकदाही बघितला नव्हता. चारला चहा, गोळ्या, कूस, सगळं एकदम असतं. आता मला वळून बघायचं होतं, इतकं की अंगाची आग झाली, आणि वळता येत नव्हतं.

आणि पलीकडच्या खाटेवरून सुरू झालं, "बाय… बाय… बाय…"

हा आवाज मला चांगला माहीत होता. हिराबाई रोज चारला कण्हायच्या. मीच त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, 'दुपारी चारनंतर अस्वस्थता, वेदना असाव्यात', आणि मीच डॉक्टरांकडून त्यांना त्या वेळची गोळी लिहून घेतली होती. गोळी दिली की अर्ध्या तासाने झोपायच्या. मला वाटायचं, बरं वाटलं बिचारीला.

पंधरा दिवस मी भिंतीकडे तोंड करून तो आवाज ऐकला. सोळाव्या दिवशी मॅडम अलिबागला गेल्या होत्या आणि दुसरी सिस्टर रजेवर. मंदामावशींनी इकडेतिकडे बघितलं आणि आम्हा दोघींनाही खिडकीकडे वळवलं.

ऊन होतं, डोळ्यांत पाणी आणणारं. खाली नाका. कोळणी घमेली मांडून बसत होत्या. एका झाडाखाली हिराबाईंची सून रेखा बसली होती, सासूच्या जागेवर. तिने बर्फावर पापलेट मांडले, पदराला हात पुसले आणि वर, आमच्या खिडकीकडे बघून हात केला. नुसता केला आणि खाली घेतला, रोजची सवय असल्यासारखा. माझ्या बाजूला हिराबाईंनी उशीवरून डाव्या हाताचा पंजा वीतभर उचलला. तोंडातून आवाज नाही. कुठेही दुखत नव्हतं त्यांना!

म्हणजे चार वर्षं ती पोर खालून हात करत होती आणि मी तिच्या सासूला भिंतीकडे वळवून वर गोळी देत होते. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मंदामावशींनी ते बघितलं. "अगो बाय माझी, ऊन लागलं व्हय डोळ्याला?" म्हणाल्या आणि मला अलगद उचलून परत भिंतीकडे वळवलं.

अहो, काय सांगू! मला जर आवाज असता ना!

आवाज

गळ्यातली नळी निघाली त्या दिवशी सगळे जमले होते. हे, प्राची, मॅडम, मावश्या. बायको पहिल्यांदा काय बोलणार म्हणून यांनी मोबाईल धरला होता. आवाज बेडकासारखा निघाला. मी म्हटलं, "हिराबाईंना… चारला… खिडकीकडे. गोळी बंद."

यांनी मोबाईल खाली केला. "मी इथे उभा आहे, आणि हिला हिराबाई!"

मंदामावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, मी दोन वरसं ह्येच सांगत न्हव्हते का? तुम्हीच म्हनायच्या, मावशी, तक्ता म्हंजे तक्ता."

सांगितलं होतं त्यांनी. मला आठवलंही. मी उत्तर दिलं होतं, नर्सिंग तुम्ही शिकलात की मी? त्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्यांची माफी मागितली. मावशी लाजून बादली उचलून निघून गेल्या. हिराबाईंना तसं सांगता आलं नाही. मी त्यांच्याकडे बघून "चुकले हो" म्हटलं. त्यांनी "बाय" म्हटलं आणि तोंड फिरवलं. दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही. बरोबरच होतं त्यांचं.

उन्हावर उपाय प्राचीने काढला. आपला काळा गॉगल आणला आणि हिराबाईंच्या नाकावर चढवला. नाकात नथ आणि डोळ्यांवर गॉगल लावून म्हातारी नाक्याकडे बघत पडली. खाली रेखा पोट धरधरून हसली.

तांदळाचं पोतं

पाय पावसाळ्याआधी आले. हातांना वेळ लागला. वॉकर धरून मी घरी आले आणि खरी भांडणं तेव्हा सुरू झाली. हे मला भरवायचे, घाईघाईने, कंटेनर भरल्यासारखे. पेज हनुवटीवरून ओघळायची, मी चिडायचे, ते चमचा आपटून बाहेर जायचे. मग दोघंही तोंड फुगवून. एकदा मी कामावर परत जायचं म्हटलं तेव्हा ते कडाडलेच. "अजून वेणी घालता येत नाही तुला! इतकी वर्षं दुसऱ्यांचं केलंस, काय मिळालं? आता आमच्यासाठी बस की घरी."

कोणाच्या पाठीला जखम झाली नाही, हे आता पुरेसं वाटत नव्हतं. पण रोज दुपारी चार वाजता मी घड्याळाकडे बघायचे आणि मनात यायचं, वळवलं असेल ना तिला? दुसरं कोणतं काम मला असं हाक मारत नाही, एवढंच मी त्यांना सांगितलं. ते उठले. कपाटातून फणी आणली आणि माझी वेणी घालायला बसले. वेणी इतकी वाईट घातली की प्राचीने फोटो काढून ठेवलाय.

मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "सिस्टर, पेशंटची कूस बदलता आली तर वॉर्डात या. नाहीतर ऑफिसात बसा, रजिस्टरं सांभाळा." रागावण्यासारखं काही नव्हतं. हात निसटला तर पेशंट पडतो. मग यांनीच तांदळाचं अर्धं पोतं पलंगावर आणून टाकलं आणि म्हणाले, "घे. ही तुझी हिराबाई." मी रोज ते पोतं वळवायला बघायचे. चादर मुठीत धरायचे, एक, दोन, तीन, आणि पोतं ढिम्म. महिनाभर ढिम्म. कधीकधी जरा हलायचं, पण वळून बघितलं की मागून यांनी ढकललेलं असायचं.

एक, दोन

ज्या दिवशी वॉर्डात गेले त्या दिवशी पोतं एकदाही वळलेलं नव्हतं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. चार वाजले. पडायला नको म्हणून मंदामावशी खाटेच्या पलीकडे हात पसरून उभ्या राहिल्या. मॅडम दारात. हे खाली नाक्यावर, बाजार करायच्या निमित्ताने.

हिराबाई पाठीवर होत्या. मी त्यांच्या उजव्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातला. ओरडायची हिंमत नव्हती म्हणून हळूच म्हटलं, "हिराबाई, खिडकीकडे वळायचं. एक…"

जोर लावला. काही नाही. पोतं आठवलं, ऑफिसातलं टेबल आठवलं, आणि डोळे भरून आले.

"दोन…"

तेव्हा हिराबाईंचा डावा हात निघाला. चादरीवरून सरपटत सरपटत खाटेच्या कठड्यापर्यंत गेला. बोटांनी कठडा धरला, आणि बाईने असं स्वतःला ओढलं म्हणता! तीस वर्षं मासळीची टोपली उचललेला हात तो. मी खालून जेमतेम लोटलं, वरून त्यांनी ओढलं, आणि त्या वळल्या. खिडकीकडे. मंदामावशींचे हात तसेच हवेत.

चार वर्षं आम्ही दोघी मिळून त्यांना वळवत होतो, एक-दोन-तीन करून, झटक्यात. तो हात कठड्यापर्यंत पोचायला त्यांना वेळच मिळत नव्हता. माझे हात मंद झाले तेव्हा मिळाला. त्यांना वळता येतं, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. मी तिथेच खाटेची कड धरून रडले. हिराबाईंनी कठडा सोडला आणि माझं मनगट धरलं. "बाय," म्हणाल्या, रेखाशी बोलताना म्हणतात तशा.

खाली रेखाने हात केला. तिच्या शेजारी पिशवी घेऊन हे उभे होते, त्यांनीही केला.

मी तक्त्यापाशी गेले आणि पेन दोन्ही हातांनी धरून लिहिलं: 'चार वाजता. डावी कूस, खिडकीकडे. हिराबाई स्वतः वळल्या. सिस्टरने मदत केली.' वाकडंतिकडं, दोन ओळींची जागा खाऊन.

मंदामावशींनी माझ्या खांद्यावरून एकेक अक्षर लावून ते वाचलं. म्हणाल्या, "आता ह्ये कोनी खोडायचं न्हाय हां, ताई. तक्ता म्हंजे तक्ता."